एका चहानं धाकटा

एसटी घाट चढून खडकदऱ्याच्या शेवटच्या थांब्यावर आली तेव्हा गाडीत दोघंच उरलो होतो. मी, आणि मांडीवर पत्र्याची ट्रंक घेतलेला साठीचा एक माणूस. घाटाच्या प्रत्येक वळणाला तो उजवा पाय खाली दाबत होता. ड्रायव्हरच्या आधी याचा ब्रेक लागायचा.

"ड्रायव्हर होता का काका?"

"होतो. तीन वर्षं झाली रिटायर होऊन." त्यानं पाय सैल सोडला. "हा पोरगा क्लच फार मारतो."

"इथं कुणाकडं?"

त्यानं थांब्यासमोरच्या दगडी फाटकाकडं मान वळवली. वर पाटी होती, संत बेनेडिक्ट विद्यामठ. संन्यासी होऊ घातलेल्या मुलांचं ते कॉलेज. राहणं, जेवणं, शिकणं, प्रार्थना सगळं एकाच आवारात, आणि बहुतेक गप्प राहून. मलाही तिथंच जायचं होतं. मी वसईचा. बी.कॉम. झालो होतो, आणि त्यानंतर काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. चर्चच्या जत्रेत मला मठाचं एक पत्रक मिळालं. त्यावर आंब्याच्या झाडाखाली पुस्तक वाचणाऱ्या एका ब्रदरचा फोटो होता. मला तो आवडला. एवढंच.

गाडी वळवून ड्रायव्हर-कंडक्टर समोरच्या टपरीवर चहाला गेले. आम्ही दोघं खाली उतरलो. घाटात मला कधीपासून लघवीला लागली होती.

"चला काका," मी म्हटलं.

"तू हो पुढं." आणि त्यानं उजवा हात बाजूला काढून मागून पुढं ओवाळला. मागच्या गाडीला वाट देताना ड्रायव्हर करतात, तशी खूण.

मी पळत आत गेलो. मोकळा झालो, ऑफिसात नाव सांगितलं, आणि खिडकीतून बाहेर पाहिलं तर हा माणूस तसाच उभा. ट्रंक पायाशी, एक हात गाडीच्या दाराच्या दांड्यावर. मला वाटलं, जुना ड्रायव्हर आहे, गाडीचा निरोप घेतोय. लोक बैलांचा घेतात. टपरीवरचा चहा संपला, मंडळी चढली, डबल बेल झाली. त्यानं दांडा सोडला. गाडी घाटाखाली गेली आणि मग तो फाटकातून आत आला.

त्या एका चहानं तो माझ्यापेक्षा धाकटा झाला.

हे समजावून सांगायला हवं. संत बेनेडिक्टचा एक नियम आहे, दीड हजार वर्षांचा. मठात वय, शिक्षण, घराणं काही मोजायचं नाही. जो आधी आत आला तो थोरला, मागून आला तो धाकटा, आणि हे मरेपर्यंत. रांगेत, जेवणात, प्रार्थनेत त्याच क्रमानं उभं राहायचं. एखादा मठ सोडून गेला आणि परत आला, तर त्याची जागा सगळ्यांच्या शेवटी.

आमचे प्रायर फादर, म्हणजे मठाचे प्रमुख, मंगळूरचे. मराठी ते सरकारी परिपत्रकं वाचून शिकले होते. "सदर दोघांपैकी प्रथम कोण आले?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"मग आपण ज्येष्ठ. ब्रदर लाजरस आपल्यानंतर."

लाजरस साळवे, राहुरीकडचे, वय एकसष्ट. मी सिल्वेस्टर घोन्सालवीस, वय बावीस. ते मला "थोरले" म्हणू लागले. आधी मला वाटलं चेष्टा करतात. मग कळलं की त्यांना चेष्टा करता येत नाही. रस्त्यावर ज्याचा हक्क आधी त्याला आधी सोडायचं, हे त्यांनी हयातभर पाळलं होतं, आणि इथं हक्क माझा होता. कुठल्याही दाराशी ते थांबत, हात ओवाळत, म्हणत, "व्हा पुढं, थोरले." कधी माझ्या हातात दोन बादल्या असत आणि दार बंद असे. तरी मीच पुढं. मी कोपरानं कडी काढायचो आणि ते मागं अदबीनं उभे.

जेवताना मठात बोलायचं नाही. एक जण पुस्तक वाचतो, बाकीचे ऐकतात, काही हवं तर खुणा करायच्या. मठाच्या खुणा लाजरसकाकांच्या डोक्यात शिरेनात, म्हणून त्यांनी स्वतःच्या आणल्या. उजवा हात लांब केला की वरण. हात आडवा धरून खालीवर हलवला की हळू, बास, भात पुरे. पावसाळा संपेपर्यंत सगळा मठ एसटीच्या खुणांनी जेवत होता. प्रायर फादर सुद्धा. एकदा पाहुणे म्हणून आलेले एक मोठे धर्मगुरू हे पाहून इतके भारावले की ही फार प्राचीन परंपरा दिसते, असं म्हणाले. कुणी बोललं नाही. जेवताना बोलायचं नसतं.

आणखी एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पाहुणा आला की तो ख्रिस्त आला असं समजायचं, असं नियमात आहे. दारावर थाप पडली की आतून "देवाला धन्यवाद" म्हणायचं, आणि पहिल्यांदा येणाऱ्याचे सगळ्यांनी मिळून पाय धुवायचे. बाकी मठांनी हे कधीच सोडून दिलं म्हणतात. आमच्याकडं चालू होतं. प्रायर फादर पाणी घालत, मग क्रमानं एकेकानं पायांना हात लावायचा, आणि सर्वांत धाकट्यानं टॉवेलनं पुसायचे. एका नव्या वीज मीटरवाल्याचे असे पाय धुतल्यावर तो परत कधी आत आला नाही. बिल फाटकावरून टाकून पळायचा. विम्याचा एजंट मात्र चार वेळा आला. दर वेळी म्हणायचा, मी पहिल्यांदाच येतोय.

तर टॉवेल लाजरसकाकांकडं. वर्षभरात त्यांनी पुष्कळ पाय पुसले.

वर्ष संपलं. येत्या रविवारी सकाळी आम्ही दोघं संन्यासाची पहिली व्रतं घेणार होतो. त्याआधी घरच्यांची संमती लागते. माझ्या आईनं फोनवर सांगितलं, "ठेवून घ्या." लाजरसकाकांच्या घरी फोन गेला आणि घोटाळा झाला.

त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. एकच मुलगी, सरोज. ती राहुरीला बालवाडीत शिकवायची, आणि काका तिच्याकडंच राहत होते. निघताना त्यांनी तिला सांगितलं होतं, "कोपरगावला बहिणीकडं जाऊन येतो." आठवड्यानं टपरीवरून फोन करून खरं सांगितलं. त्यावर तिनं फोन ठेवला, तो वर्षभर उचलला नव्हता. प्रायर फादरांचा उचलला, आणि एकच वाक्य बोलली.

प्रायर फादरांनी ते आमच्यासमोर जसंच्या तसं सांगितलं. "सदर कन्या म्हणाली, शनिवारी गाडी घेऊन येते न्यायला." मग ते काकांकडं वळले. "ब्रदर लाजरस, कन्येचा नकार कायम राहिल्यास मी आपणास व्रत देऊ शकत नाही. आपण तिच्यासोबत जावे."

"बरं," काका म्हणाले.

शनिवारी दुपारी मी त्यांच्या खोलीशी गेलो तर ट्रंक भरून दाराशी ठेवलेली.

"चाललात?"

"ठरलंय कुठं. पण न्यायला आली तर तिला खोळंबा नको."

"काका, तुम्हाला काय हवंय?"

त्यांनी ट्रंकेची कडी उगाच उघडली, लावली. "मला ऱ्हायचंय, थोरले. लग्नाच्या आधीपासून मनात होतं. मग संसार आला, तो बी चांगला झाला." थोडं थांबून म्हणाले, "पण गाडी तिची हाय. ती म्हणंल तिकडं."

माझ्याकडं त्या आठवड्यात दाराचं काम होतं. चारच्या सुमारास फाटकाबाहेर जीप थांबली आणि दारावर मूठ आपटली.

"देवाला धन्यवाद," मी आतून म्हणालो.

"कशाबद्दल?" बाहेरून बाईचा आवाज आला. "दार उघडा."

उघडलं. तिशी ओलांडलेली, उंच, वडिलांसारखंच रुंद कपाळ. पदर खोचलेला. "लाजरस साळवेंना बोलवा. मी त्यांची मुलगी. बसायला आलेली नाही."

"आधी पाय धुवावे लागतील," मी म्हणालो.

"मी चर्चमध्ये जात नाहीये. बाहेरच उभी आहे."

"तुम्ही नाही धुवायचे. आम्ही धुणार."

मागं जीपच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

तोवर घंटा झाली आणि सगळे ओसरीत जमले. एक वयस्क ब्रदर कुजबुजले की बाईमाणसाचे पाय धुवायचे का. प्रायर फादर म्हणाले, "नियमात पाहुणा असा उल्लेख आहे. अधिक तपशील नाही." विषय संपला. सरोजताईंना खुर्चीवर बसवलं गेलं. त्या भांडायला आल्या होत्या, पण समोर बारा-तेरा पांढरे झगे एका रांगेत गुडघे टेकू लागल्यावर भांडण नेमकं कुणापासून सुरू करावं हे कळत नाही. त्यांनी चपला काढल्या.

प्रायर फादरांनी पाणी घातलं. एकेक जण पुढं झाला. मग मी. आणि माझ्यामागं टॉवेल घेऊन लाजरसकाका.

"दादा," ताई म्हणाल्या. पाय एकदम मागं घेतले. "तुम्ही नाही. उठा."

"माझंच काम हाय ते," काका म्हणाले. "फरशी गुळगुळीत हाय. ओल्या पायानं घसरशील."

त्यांनी एक पाय हातात घेतला आणि पुसू लागले. घोट्याच्या वर एक जुना भाजल्याचा डाग होता. टॉवेल तिथं थांबला. लहानपणी काका तिला गाडीत आपल्या सीटशेजारी, इंजिनाच्या बॉनेटवर बसवून न्यायचे, तेव्हाचा. हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. त्यानंतर महिनाभर घरात बायको बोलली नव्हती, हेही. डागाच्या कडेकडेनं त्यांनी पाय कोरडा केला, मग दुसरा.

ताईंनी वर पाहिलं. डोळे भरलेले होते, पण आवाज कोरडा. "लोक मला तोंडावर विचारतात, बापाला दोन भाकरी जड झाल्या का तुला. मी सांगते, देवाकडं गेलेत. आणि इथं देवाकडं काय चाललंय? माझा बाप सगळ्यांच्या शेवटी. ह्या एवढ्याशा पोराच्या मागं." एवढंसं पोर म्हणजे मी. "वयाचा काही मान आहे का नाही तुमच्यात?"

"क्रम आगमनाच्या वेळेनुसार ठरतो," प्रायर फादर म्हणाले. "ब्रदर सिल्वेस्टर त्याच दिवशी, परंतु आधी आले."

"किती आधी?"

"एक चहा," मी म्हणालो.

कुणीतरी मागं हसलं आणि लगेच खोकलं.

"म्हणजे काय?"

मला ही गोष्ट सांगायला आवडायची. मठात वर्षभर मी ती विनोद म्हणून सांगत आलो होतो. "आम्ही एकाच गाडीनं आलो, ताई. ड्रायव्हर-कंडक्टर चहाला गेले. मला घाईची लागली होती म्हणून मी आत पळालो. काका बाहेर गाडीपाशीच उभे. चहा होईपर्यंत. म्हणून ते एका चहानं धाकटे."

सगळे दर वेळी इथं हसायचे. ताई हसल्या नाहीत.

"गाडीपाशी काय करत होते?"

"उभे होते. दाराचा दांडा धरून."

"दांडा धरून." त्यांनी वडिलांकडं पाहिलं, मग परत माझ्याकडं. "ही गाडी कुठली? तीच परत खाली जाणारी?"

"इथं एकच येते. तीच वळून जाते."

"आणि बघत कुठं होते?"

मी तोंड उघडलं आणि थांबलो. खिडकीतून दिसलं होतं ते मला स्पष्ट आठवत होतं. मी फक्त ते कधी तसं पाहिलं नव्हतं. "खाली," मी म्हणालो. "घाटाकडं."

"दांडा सोडला कधी?"

"बेल झाली तेव्हा."

ताई खुर्चीत पुढं झुकल्या. बाप अजून गुडघ्यांवरच होता, दोघांची डोकी सारख्या उंचीवर आली.

"चढणार होता का, दादा?"

"ठरत न्हवतं." काकांनी टॉवेलची घडी केली. "एक पाय पायरीवर ठेवला बी होता. मग खाली घेतला. मग परत ठेवला. तुला खोटं सांगून निघालो होतो, ते लई लागत होतं. खरं सांगितलं असतं तर तू रडली असती आणि मी राहिलो असतो."

"मला हे का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं त्यात. गाडी उभी होती म्हणून उभा होतो."

"वर्षभर मी काय समजत होते," ताई म्हणाल्या, "की माझा बाप मागं वळून न बघता गेला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग बाहेर जीपच्या ड्रायव्हरला हाक मारली, "भाऊ, आज मुक्काम करायचाय. चहा घ्या जाऊन."

प्रायर फादर पुढं झाले. "म्हणजे आपली संमती समजावी काय?"

"समजा. पण एक अट आहे. उद्या व्रत घेताना माझा बाप शेवटी उभा राहणार नाही."

"क्रमात बदल करण्याची तरतूद नाही."

"मग तुमचा नियम चुकीचा आहे."

"राहू दे गं," काका म्हणाले. "मला शेवटी बरं पडतं. मागून कुणी हॉर्न मारत न्हाई."

ताईंनी वाद सोडला. मान्य झालं म्हणून नाही, थकल्या होत्या म्हणून. मी पाण्याची घमेली उचलून मागच्या दारी नेली. पाणी ओतलं आणि तिथंच उभा राहिलो. त्या माणसानं एक पाय पायरीवर ठेवून, काढून, परत ठेवून जे केलं होतं, ते मी केलंच नव्हतं. मी मुतारी शोधत संन्यासात शिरलो होतो. आणि त्या बळावर वर्षभर थोरला होतो.

रविवारी सकाळी मी सामानाच्या खोलीतून माझे बाहेरचे कपडे मागून घेतले. मठ ते जपून ठेवतो, कुणी निघालाच तर म्हणून. पँट वर्षभराच्या भातानंतर कमरेला बसेना. वरचं बटण तसंच सोडून, झग्याची घडी घेऊन मी प्रायर फादरांपुढं उभा राहिलो.

"फादर, मी मठ सोडतोय."

त्यांनी माझ्या बटणाकडं पाहिलं. "किती काळासाठी?"

"एका चहापुरता."

त्यांनी माझ्या हातातली झग्याची घडी घेऊन टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "परत आल्यास जागा शेवटची. शिवाय वर्ष नव्याने सुरू होईल. आज आपणास व्रत मिळणार नाही."

"माहीत आहे."

"यासाठी परवानगी देण्याची तरतूद नाही," ते म्हणाले. आणि खिडकीकडं तोंड करून, "अडवण्याचीही नाही."

टपरीवाल्यानं माझी पँट पाहून काही विचारलं नाही, चहा दिला. पहिली गाडी वर आली, वळली. ड्रायव्हर-कंडक्टर माझ्याशेजारी बाकावर बसले. मी ग्लास घेऊन गाडीपाशी गेलो. ताईंची अट पुरी करायची, एवढाच माझा बेत होता. थोडा विनोद, थोडं बरं काम. नाटक पुरं व्हावं म्हणून मी दांडा धरला.

दांडा थंड होता. आत सगळ्या सीटा रिकाम्या. दुपारपर्यंत नाशिक, रात्रीपर्यंत वसई. आई आधी ओरडली असती, मग तिनं सुके बोंबील भाजले असते. कॉमर्सच्या पोरांना बँका घेत होत्या. मला एकदम खरंच जावंसं वाटलं, इतकं की पाय पायरीवर कधी गेला ते कळलं नाही. मागं मठाची घंटा सुरू झाली. मी तिकडं पाहिलं, घाटाकडं पाहिलं. चहा निवला.

"चढायचंय का?" कंडक्टरनं विचारलं. "का नुसतं धरून उभं राहायचंय?"

"बघतो," मी म्हणालो.

"बघा. बेल मारतो मी."

त्यानं दोनदा दोरी ओढली. गाडी हलली. हात माझा होता, पण तो सुटला तेव्हा कुणीतरी बोटं एकेक करून उघडल्यासारखं वाटलं. ग्लास टपरीवर ठेवला आणि रस्ता ओलांडला.

फाटक बंद होतं. मी गेलो म्हणून दाराचं काम माझ्यामागच्या माणसाकडं गेलं होतं. मी थाप मारली.

"देवाला धन्यवाद," आतून आवाज आला.

दार उघडलं. नवा झगा घातलेले लाजरसकाका. त्यांच्यामागं ओसरीत रांग लागलेली, प्रायर फादर घड्याळाकडं बघत उभे, आणि बाजूला खांबाशी ताई. काकांनी माझ्या उघड्या बटणाकडं पाहिलं, माझ्या पायांच्या धुळीकडं पाहिलं. मी सवयीनं आत पाय टाकणार, तेवढ्यात त्यांनी हात आडवा धरला आणि खालीवर हलवला. हळू.

मग वळले, माझ्या पुढं झाले, आणि मान न वळवता म्हणाले,

"चल रे धाकट्या. उशीर केलास."